कॅमेरे क्लाउडवर न्या, पण आधी घड्याळ बघा

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाला पोलिसांनी चौकशीसाठी नेलं. बसस्टँडजवळ रात्री साडेआठच्या जरा आधी मारामारी झाली होती आणि कुणीतरी त्याचं नाव घेतलं होतं. तो सांगत होता, मी त्या वेळी मशिदीत इशा पढत होतो. तिसऱ्या दिवशी ट्रस्टी मंडळी डीव्हीआरसमोर बसली. गेटच्या कॅमेऱ्याचं आठ दहापासून पावणेनऊपर्यंतचं रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं. गेट रिकामं. मुलगा आत जाताना दिसत नाही, बाहेर येताना दिसत नाही. "फुटेज में तो नहीं है," असं सदरसाहेबांनी त्याच्या वडिलांना सांगितलं. वडील काही बोलले नाहीत. स्वतःच्याच मशिदीने आपल्या मुलाला ओळखलं नाही म्हटल्यावर ते काय बोलणार?

आमच्याकडे इशाची जमात सव्वाआठला उभी राहते. जमातीच्या वेळी मशिदीचं गेट एवढं सामसूम कसं, वुजू करून धावत येणारा एकही माणूस कसा नाही, हा प्रश्न तिथे बसलेल्या सात-आठ जणांपैकी कुणालाच पडला नाही. मुलगा दोन दिवसांनी सुटून आला. गुन्ह्यात नाव आलं नाही. पण डिप्लोमाचं सबमिशन हुकलं, आणि 'मशिदीत नव्हता म्हणे' हे वाक्य मोहल्ल्यात अजून फिरतं आहे.

आठ महिन्यांनी मला सदरसाहेबांचा फोन आला, तो मात्र वेगळ्याच कामासाठी. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. कॅमेरे हा माझा धंदा नाही, पण गावाकडे 'कॉम्प्युटरवाला' एवढीच ओळख पुरते. शहरातल्या एका विक्रेत्याने मशिदीला प्रस्ताव दिला होता. सगळे कॅमेरे क्लाउडवर, मोबाइलवर कुठूनही बघा, चोरीची आणि डिस्क खराब होण्याची चिंता नाही. त्यासाठी जुने अकराच्या अकरा कॅमेरे काढायचे, नवे बसवायचे. खर्च दोन लाख चाळीस हजार, शिवाय दर कॅमेऱ्यामागे महिन्याला तीनशे रुपये. जुने का काढायचे, तर त्याचं म्हणणं, ते क्लाउडला चालत नाहीत आणि सरकारनेही जुने कॅमेरे बंद केले आहेत. "जुमा के चंदे से हो जाएगा, तू बस एक बार देख ले," सदरसाहेब म्हणाले.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धसत्य होतं. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाचाचणी सक्तीची केली आहे आणि एप्रिल २०२५ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. पण हा नियम कॅमेरे बनवणाऱ्यांना, आयात करणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना लागू आहे. तुमच्या भिंतीवर आधीपासून असलेला कॅमेरा त्यामुळे बेकायदा ठरत नाही. पहिला मुद्दा तपासून बघण्यासारखा होता, म्हणून मी एका शनिवारी रात्रीच्या एसटीने गावी गेलो.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते त्या रविवारी शिडीवर उभा असतानाच सुचलं. आपल्या मशिदी, मदरसे, वसतिगृहं, मोहल्ला कमिट्या यांनी कॅमेरे क्लाउडवर न्यावेत, माझा विरोध नाही. पण 'जुने कॅमेरे चालतील का' ही तपासणी विकणाऱ्यावर सोडू नये. ती आपली आपण करावी, आणि मोबाइलवर चित्र दिसलं म्हणजे कॅमेरा पास, असं समजू नये. ज्या दिवशी मोहल्ल्यात काही घडेल त्या दिवशी हे फुटेज उभं राहील का, ही कसोटी लावावी. आपल्यात इंजिनिअर कमी नाहीत. गल्लीगल्लीत डिप्लोमा झालेली, बीसीए करणारी मुलं-मुली आहेत. ही तपासणी त्यांच्या एका रविवारची आहे.

आधी एकूण कॅमेरे किती आणि कसले ते बघितलं. प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटाखाली एक स्टिकर असतं, त्यावर मॉडेल नंबर असतो. तो वहीत उतरवायला मला दीड तास लागला, कारण निम्म्या स्टिकरवर कोळ्यांनी घर केलं होतं. अकरांपैकी सहा जुन्या पद्धतीचे, जाड गोल केबलने डीव्हीआरला जोडलेले. तीन नेटवर्कचे, म्हणजे आयपी कॅमेरे, ते एका छोट्या एनव्हीआरला. आणि मकतबच्या दोन खोल्यांत दोन वायफायचे, कुणीतरी ऑनलाइन मागवून दान दिलेले.

क्लाउडवर चालणारी बहुतेक व्यवस्था अशी असते: मशिदीत एक छोटी पेटी बसवतात, ती कॅमेऱ्यांकडून चित्र घेते आणि इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवते. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच की ही पेटी आणि तुमचा कॅमेरा एकमेकांशी बोलू शकतात का. त्यासाठी दोन भाषा माहीत हव्यात. एक आरटीएसपी, चित्राचा प्रवाह मागण्याची जुनी रीत. दुसरी ऑनव्हिफ. ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये ही संस्था उभी केली, ती एवढ्यासाठीच की एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलावा. तिचे वेगवेगळे 'प्रोफाइल' आहेत. एस म्हणजे साधं चित्र पाठवणं, टी म्हणजे त्यात एच.२६५ सारखं नवं कॉम्प्रेशन, जी म्हणजे कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये साठवलेलं रेकॉर्डिंग मागे जाऊन काढता येणं. खोक्यावर 'ऑनव्हिफ सपोर्ट' छापणं सोपं आहे. संस्थेच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून ते खरंच यादीत आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत.

सहा जुने कॅमेरे स्वतः नेटवर्कवर येत नाहीत, पण त्यांचा डीव्हीआर येतो. मी लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर उघडला, डीव्हीआरचा आरटीएसपी पत्ता आणि चॅनल नंबर टाकला, आणि सहाही कॅमेऱ्यांची चित्रं एकेक करून समोर आली. म्हणजे ज्यांना विक्रेता 'पूर्ण भंगार' म्हणाला होता ते सगळे चालत होते. एक खोट मात्र निघाली. डीव्हीआरवर १०८० लिहिलं होतं, पण तो रेकॉर्ड करत होता १०८०-एन, ज्यात उंची १०८० असली तरी रुंदी निम्मी असते, आणि दाखवताना चित्र ताणून दाखवतात. माणूस ओळखता येतो, गाडीचा नंबर वाचता येत नाही. गेटसाठी हे कमी पडतं, वरांड्यासाठी पुरतं.

आयपी कॅमेऱ्यांनी जास्त छळलं. पहिल्यांदा ते सापडेनातच. एनव्हीआरच्याच पाठीमागच्या पोर्टला कॅमेरे जोडले की बऱ्याचदा एनव्हीआर त्यांचं आतल्या आत वेगळं नेटवर्क करतो. राउटरला जोडलेल्या लॅपटॉपला ते दिसतच नाहीत. इथेच एखादा 'चालत नाहीत' म्हणून मोकळा होतो. साध्या स्विचवर ते हलवले तेव्हा दिसले. मग एकाने ऑनव्हिफ बंद ठेवलेलं निघालं. काही कंपन्या ते मुळात बंद ठेवूनच देतात आणि त्यासाठी वेगळा युजर बनवावा लागतो. दुसऱ्यात एच.२६५ चं कंपनीचं खास 'प्लस' रूप चालू होतं, ते तिऱ्हाईत यंत्राला कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन साधं एच.२६४ केलं, काम झालं.

तिसरा कॅमेरा बरोबर पासवर्ड देऊनही आत घेईना. मी पासवर्ड चार वेळा बदलला. शेवटी सहज म्हणून त्याचं घड्याळ पाहिलं. पडद्यावर वेळ बरोबर, पण टाइमझोन बीजिंगचा. कारखान्यातून आला तसाच होता, आणि बसवणाऱ्याने टाइमझोन न बदलता फक्त काटे हाताने भारताच्या वेळेवर फिरवले होते. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये पासवर्डसोबत वेळेचा शिक्का जातो. कॅमेऱ्याच्या लेखी माझा निरोप अडीच तास चुकीच्या वेळेचा होता, म्हणून तो दार उघडत नव्हता. टाइमझोन भारताचा केला, वेळ पुन्हा लावली, कॅमेरा पहिल्या फटक्यात आत.

तेव्हा कुठे मला डीव्हीआरचं घड्याळ बघावंसं वाटलं. ते ४७ मिनिटं मागे होतं.

डीव्हीआर सात वर्षांपूर्वी बसवला तेव्हा घड्याळ लावलं असेल, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. स्वस्त घड्याळाचं यंत्र दिवसाला सेकंदभर मागे पडणं काही नवल नाही. सात वर्षांत त्याची जवळजवळ पाऊण तासाची तूट होते. मी शिडीवरून उतरलो आणि हिशेब मांडला. गेल्या हिवाळ्यात ते चाळीसेक मिनिटं मागे असणार. म्हणजे ट्रस्टींनी जे 'आठ दहा' पाहिलं ते खरं पावणेनऊनंतरचं. नमाज संपून लोक घरी गेले होते. मुलगा दिसायला हवा होता तो पडद्यावर साडेसातच्या आसपास, आणि तिथवर कुणी मागे गेलंच नव्हतं. तो आला होता का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. डीव्हीआरमध्ये एक टीबीची डिस्क होती. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिटने लिहीत असेल तर दिवसाला २१.६ जीबी होतात. सहा कॅमेऱ्यांचे १३० जीबी. साडेसात दिवसांत डिस्क भरते आणि नवं जुन्यावर लिहिलं जातं. ती रात्र आठ दिवसांच्या आत पुसली गेली होती. माझ्याकडे उरला तो फक्त हिशेब, आणि हिशेब काही पोलिसांना दाखवता येत नाही.

मी हे सदरसाहेबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उसके वालिद को मैं खुद बताऊंगा." त्याच दिवशी संध्याकाळी असरनंतर ते गेले.

आपल्या समाजात कॅमेऱ्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, कॅमेरे आपल्यावरच उलटतात, लावूच नका. त्याला आधार आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये २०१० साली मुस्लिम वस्तीच्या भोवती दोनशेहून जास्त कॅमेरे उभे राहिले, त्यांतले ७२ लपवलेले. लोकांना सांगितलं ते गुन्हेगारी आटोक्यात आणण्यासाठी, पैसा आला होता दहशतवादविरोधी निधीतून. बिंग फुटल्यावर लोकांनी एवढा आवाज उठवला की चित्रीकरण सुरू होण्याआधीच कॅमेऱ्यांवर पिशव्या चढवाव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी ते काढावे लागले. दुसरं मत म्हणतं, आपल्याला लपवायचं काय आहे, पोलिसांनाच लॉगिन देऊन टाका, संशय तरी मिटेल. मला दोन्ही पटत नाहीत. कॅमेरा नसल्याने आपला काही बचाव होत नाही. आणि रोजचं लॉगिन देणं म्हणजे मशिदीत येणाऱ्या प्रत्येक माणसाची हजेरी दुसऱ्याच्या हातात देणं. तपासासाठी फुटेज हवं असेल तर अधिकाऱ्याने लेखी मागावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये वस्तू किंवा दस्तऐवज हजर करायला सांगण्याची रीत आहेच. मागितलेल्या तारखेचं, मागितलेल्या वेळेचं फुटेज द्यावं, पोच घ्यावी, मूळ प्रत आपल्याकडे ठेवावी. यात कुणाशी भांडण नाही, कायद्याने ठरवलेला रस्ता आहे.

मूळ प्रतीचा मुद्दा किती वजनाचा आहे हे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसलं. २०१४ च्या निवडणुकीत जालना मतदारसंघातले उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाले की नंतर, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग हा त्यातला पुरावा. वाद घड्याळाचाच, बघा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर सोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. आता पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आहे. १ जुलै २०२४ पासून तो लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश, म्हणजे तिचा गणिती ठसा, लिहावा लागतो. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या क्लिपचा ठसा मूळ फाइलशी जुळत नाही, कारण व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं. जामियाच्या लायब्ररीतलं डिसेंबर २०१९ चं फुटेज दोन महिन्यांनी बाहेर आलं तेव्हा काय झालं ते आठवा. एकीकडून एक तुकडा, दुसरीकडून दुसरा, आणि चर्चा मारहाणीपेक्षा कोणता तुकडा कुठे कापला यावर जास्त.

म्हणून क्लाउडच्या विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: रेकॉर्डिंग मूळ रूपात, वेळेसकट, हॅशसकट उतरवून घेता येतं का, आणि कोर्टात लागलं तर प्रमाणपत्रावर तुमची कंपनी सही देईल का? आमच्या विक्रेत्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, "मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग करता येतं ना सर."

दुसरा प्रश्न इंटरनेटचा. आमच्या मशिदीचा प्लॅन ५० मेगाबिटचा, पण अपलोड मोजला तर नऊ. अकरा कॅमेरे दोन मेगाबिटने पाठवायचे तर बावीस लागतात. शिवाय अनेक 'अनलिमिटेड' प्लॅनमध्ये बारीक अक्षरांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, आणि अकरा कॅमेऱ्यांचे महिन्याला सात हजारांच्या वर जीबी होतात. विक्रेत्याच्या प्रस्तावात यातलं काही नव्हतं. सगळं सगळीकडे पाठवण्याचा हट्ट सोडला तर सोपं आहे. गेटचे दोन कॅमेरे पूर्ण चित्राने क्लाउडवर, बाकीचे मशिदीतल्याच डिस्कवर. जुना कॅमेरा एकाच वेळी डीव्हीआर, मोबाइल आणि क्लाउड अशा तिघांना मोठं चित्र द्यायला लागला की धापा टाकतो, हेही त्यामुळे टळतं.

पण याहून मोठी गोष्ट वेगळी आहे आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. गावात तणाव झाला की इंटरनेट बंद होतं. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं, कोल्हापुरात जून २०२३ मध्ये झालं. म्हणजे ज्या दिवशी फुटेजची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच दिवशी क्लाउडला मशीद दिसणार नाही. फक्त क्लाउडच्या भरवशावर असलेली मशीद त्या दिवशी आंधळी. उलट बाजूने, फक्त डीव्हीआरच्या भरवशावर असलेली मशीदही धोक्यात, कारण डीव्हीआर फुटू शकतो, जळू शकतो, जप्त होऊ शकतो. दोन्ही ठिकाणी प्रत हवी. म्हणून विक्रेत्याची पेटी तपासताना मी केबल उपसून बघितली. वीस मिनिटं इंटरनेट बंद ठेवलं, मग जोडलं. पेटीने ती वीस मिनिटं आपल्याजवळ साठवून नंतर वर पाठवली का? त्याच्या नमुन्याच्या पेटीने नाही पाठवली. तेवढा भाग कोराच राहिला. विक्रेता म्हणाला, नेट कशाला जाईल? मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. तोही याच गावचा आहे.

ही केबल उपसण्याची चाचणी मात्र कुणीही विसरू नये. ऑनव्हिफ कळलं नाही तरी चालेल, ती दहा वर्षांच्या पोरालाही करता येते. वीजही तशीच. आमच्याकडे डीव्हीआर इन्व्हर्टरवर होता आणि राउटर नव्हता. दिवे गेले की डीव्हीआर लिहीत राहायचा, क्लाउडची पेटी मात्र मुकी झाली असती.

आता मकतबचे दोन वायफाय कॅमेरे. ते ना ऑनव्हिफ बोलत, ना आरटीएसपी. आपल्याच कंपनीच्या ॲपशी बोलतात आणि ते ॲप कुठल्या देशातल्या सर्व्हरशी बोलतं ते खोक्यावर लिहिलेलं नाही. लॉगिन दान देणाऱ्याच्या मोबाइल नंबरवर. तो भला माणूस आहे, पण तीन वर्षं तो आपल्या घरून वीस-पंचवीस लेकरांना आणि त्यांच्या आपांना बघू शकत होता, आणि हे त्या आपांना कुणी विचारलं नव्हतं. एकीने मला सांगितलं, "भाईजान, हम तो समझे बंद है." हे कॅमेरे क्लाउडला चालतात का हा प्रश्नच मी बाजूला ठेवला. ते काढायला सांगितलं. सूरह हुजुरातमध्ये तजस्सुसला, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकत बसण्याला मनाई आहे, हे आमचे इमामसाहेब जुमाच्या बयानात सांगतात. मी त्यांना विनंती केली की या महिन्यात कॅमेऱ्याचं उदाहरण घेऊन सांगा. तसंच स्त्रियांच्या जिन्याकडे वळलेला एक कॅमेरा होता, त्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं.

क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याचा कॉम्प्युटर. मार्च २०२१ मध्ये वर्काडा या अमेरिकी कंपनीचं एक वरिष्ठ लॉगिन हॅकर्सच्या हाती लागलं आणि सुमारे दीड लाख कॅमेरे त्यांच्यासमोर उघडे झाले. त्यात दवाखाने होते, शाळा होत्या, तुरुंग होते. त्या दवाखान्यांनी आणि शाळांनी काही चूक केली नव्हती. आणि आपल्या डीव्हीआरवर बसून राहिलं तरी सुटका नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर कब्जात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. आमच्या मशिदीच्या डीव्हीआरचा पासवर्ड काय होता ते मी इथे लिहीत नाही. तुमच्या मशिदीचाही बहुधा तोच असेल.

नव्या कॅमेऱ्यांचा दोन लाख चाळीस हजारांचा प्रस्ताव बारगळला. त्याऐवजी गेटसाठी दोन चांगले कॅमेरे घेतले, डीव्हीआरमध्ये चार टीबीची डिस्क टाकली, तिच्यात सहा कॅमेऱ्यांचं महिनाभराचं रेकॉर्डिंग मावतं. महिना हा काही मोठा काळ नाही. पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालात अठरा महिने, ते शक्य नसेल तर जास्तीत जास्त आणि किमान एक वर्ष रेकॉर्डिंग ठेवायला सांगितलं आहे. मशिदीला तेवढी गरज नाही. पण आठवडा खचितच कमी होता. सगळी यंत्रं आता इंटरनेटवरून आपोआप वेळ मिळवतात, आणि नेट नसेल तर मुअज्जिनसाहेब जुमाच्या सकाळी डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून वहीत सही करतात. क्लाउडची दुसरी पेटी आम्ही एका वेगळ्या विक्रेत्याकडून चाचणीला आणली आहे. केबल उपसली तर तीसुद्धा काही वेळा अडखळते, त्याच्याशी बोलणं चालू आहे.

एक गोष्ट मात्र अडली आहे. क्लाउडच्या लॉगिनला दोन जणांची परवानगी लागेल अशी सोय आहे. एकट्याला फुटेज उतरवता येणार नाही, दुसऱ्याने हो म्हणावं लागेल. पहिली किल्ली सदरसाहेबांकडे राहील, यावर सगळ्यांचं एकमत झालं. दुसरी मकतबच्या मोठ्या आपांकडे द्यावी असं मी सुचवलं. त्या बीएस्सी आहेत, त्या दिवशी माझ्यासोबत वहीत मॉडेल नंबर त्यांनीच लिहून घेतले होते, आणि कोणता कॅमेरा कुठे वळलेला आहे हे ट्रस्टींपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. बैठकीत कुणी नाही म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही. "सोचते हैं," एवढंच झालं. त्याला आता पाच आठवडे झाले. पुढची बैठक या रविवारी जोहरनंतर आहे. मी पुन्हा शनिवारच्या रात्रीची एसटी धरणार आहे.